विमानांतील सेवकाचें आसन

'सर्व्हो' हा शब्द अलीकडे पुष्कळ घरांतील मुलांच्या तोंडीं ऐकूं येतो. त्याचें मूळ लॅटिन भाषेंतील 'सर्व्हस', म्हणजे दास, या शब्दांत आहे. जहाजाचें अवजड सुकाणू वाफेच्या बळानें, परंतु माणसाच्या हाताच्या आज्ञेबरहुकूम वळविणाऱ्या यंत्राविषयीं फार्को नांवाच्या फ्रेंच इंजिनियरानें १८७३ सालीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें या जातीच्या यंत्रांस हें नांव दिलें, आणि तेंच पुढें रूढ झालें. आम्हां संस्कृतवाल्यांस येथें 'सेव्' धातूची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्तीचे इमले उभारण्याची खोड आमच्या वर्गांत आम्हीं कधींच खपवून घेतली नाहीं, तेव्हां ती येथेंहि नको. अर्थ मात्र जुळतो, एवढें खरें. हा सेवक धन्याचा हुकूम कानीं पडतांच सांगितलें तितकेंच वळतो, आणि दुसरा हुकूम येईपर्यंत तेथेंच हात रोवून उभा राहतो. माणसांतील सेवकांत हा गुण किती दुर्मिळ आहे, हें आमच्या भगिनीवर्गास आम्हीं सांगावयास नको.

रेडिओच्या लहरींनीं जमिनीवरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानांत असे दोनपासून पांच-सहापर्यंत सेवक असतात. एक शेपटीची उभी झडप वळवितो, एक आडवी, एक किंवा दोन पंखांच्या झडपा हालवितात, आणि विमानास तेलावर चालणारें इंजिन असेल तर एक त्याची गति कमीजास्त करितो. नेहमींच्या आकाराचा सर्व्हो सुमारें ४० मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि ४० ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. लहान जातीचा अवघ्या ९ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या हिशेबानें पाऊण तोळ्याचा. त्याचें पोट उघडून पाहिलें तर आंत एक इवलीशी मोटर, तिची गति कमी करून जोर वाढविणारी दांतेरी चाकांची रांग, आणि आपण किती वळलों हें सेवकाला स्वतःलाच सांगणारा एक पोटेंशिओमीटर दिसतो. रिसीव्हरकडून त्याला साधारणतः सेकंदास ५० वेळां विजेची एक ठोकर मिळते. ती ठोकर दीड मिलिसेकंद टिकली तर हात मधोमध. एक मिलिसेकंद टिकली तर एका टोकाला, दोन मिलिसेकंद टिकली तर दुसऱ्या टोकाला. हुकूम आणि आपली स्थिति यांत जोंवर अंतर आहे, तोंवर मोटर फिरत राहते. अंतर संपलें कीं थांबते.

इतका सर्व खटाटोप ज्याच्या पोटांत मांडला आहे, त्याची बुद्धि शाबूत असूनहि विमान कोसळतें, आणि पुष्कळदां कोसळतें. कारण सेवकाच्या बुद्धीकडे सर्वांचें लक्ष असतें, आसनाकडे कोणाचेंच नसतें. सर्व्हो विमानांत कसा बसविला आहे, हा प्रश्न मुलांना क्षुल्लक वाटतो. रंग, चित्रें, इंजिनाचा आवाज यांत त्यांचा जीव रमलेला असतो. आणि सर्व्हो तेवढा उड्डाणाच्या आदल्या रात्रीं दिव्याखालीं घाईघाईनें चिकटविला जातो.

ज्यांनीं जुन्या घरांत जातें पाहिलें आहे, त्यांस आमचें म्हणणें चटकन् उमजेल. जात्याचा खुंटा तळींत सैल झाला कीं दळणारणीची शक्ति खुंटा डुलविण्यांत जाते, तळी जागची हलत नाहीं. सर्व्होचें तसेंच आहे. क्रियेला तितकीच आणि उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम आमच्या शाळेंत विज्ञान शिकविणारे शिक्षक मुलांकडून दरवर्षीं घोकून घेत. परंतु तो नियम लांकडाच्या दोन पट्ट्यांवर आणि चार स्क्रूंवर कसा येऊन बसतो, हें विमान बांधणाऱ्या मुलालाच कळतें. नेहमींच्या सर्व्होचा जोर सुमारें ३ किलो-सेंटिमीटर असतो. म्हणजे त्याच्या कण्यापासून एक सेंटिमीटर अंतरावर तो तीन किलोंचा भार पेलूं शकतो. त्याच्या हातावर सव्वा सेंटिमीटरला थोडें कमी, म्हणजे १२ मिलिमीटरवर दांडी अडकविली, तर दांडीवर अडीच किलोंपर्यंत जोर पडतो. मग तेवढाच अडीच किलोंचा जोर उलट दिशेनें सर्व्होच्या देहावरहि पडतो. झडप वाऱ्यानें दाबून धरलेली असते आणि देह सैल असतो. अशा स्थितींत कोण हालेल हें सांगावयास ज्योतिषी नको.

आतां देह किती हालला तर बिघडतें? समजा, तो केवळ एक मिलिमीटर पुढेंमागें सरकला. १२ मिलिमीटरच्या हातावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारें ५ अंश. झडपेचें शिंगहि तितक्याच उंचीचें असलें तर झडपेंत ५ अंशांचा ढिलेपणा आला. शिकाऊ विमानाची आडवी झडप एका बाजूस सारी मिळून बारा-पंधरा अंश वळते. त्यांतले पांच गेले, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. मुलगा जमिनीवर उभा राहून दांडा ओढतो, विमान ऐकतें न ऐकतेंसें करितें, तो आणखी ओढतो, आणि मग तें एकदम ऐकतें. याहून वाईट प्रकार वेगानें जातांना घडतो. ढिल्या झडपेला वारा हालवूं लागतो, झडपेच्या हालण्यानें शेपटी किंवा पंख वांकतो, त्याच्या वांकण्यानें झडप आणखी हालते. या प्रकाराला 'फ्लटर' म्हणतात. खालून फक्त एक घुर्र असा आवाज ऐकूं येतो, आणि तो कशाचा असें विचारीपर्यंत झडप बिजागरींतून निघालेली असते.

हा विषय आम्हीं आज घेण्याचें कारण सातारा जिल्ह्यांतून आलेलें एका भगिनींचें पत्र हें आहे. त्यांचा मुलगा पंधरा वर्षांचा. त्यानें शिष्यवृत्तीचे साठविलेले पैसे घालून, तीन महिने खपून बाल्सा लांकडाचें, बॅटरीवर चालणारें एक विमान बांधलें. पहिलीं दोन उड्डाणें उत्तम झालीं. तिसऱ्या वेळीं विमानानें नाक खालीं घातलें तें वर केलेंच नाहीं, आणि म्हशी राखणाऱ्या एका लहान मुलापासून दहा हातांवर तें आपटलें. देवाची कृपा म्हणून कोणास लागलें नाहीं. वडिलांनीं त्याच संध्याकाळीं उरलेलें सर्व सामान पिशवींत भरून माळ्यावर टाकलें. मुलगा म्हणतो, रेडिओनें दगा दिला. वडील म्हणतात, असल्या खेळांत दुसरें काय व्हावयाचें? तेव्हांपासून घरांत दोघांचें बोलणें कामापुरतें. "आपण शिक्षक होतां, दोघांत कोणाचें खरें तें सांगा," अशी त्या माउलीची विनंति आहे. पत्रासोबत त्यांनीं मोडक्या विमानाचीं सात छायाचित्रें पाठविलीं आहेत.

तीं छायाचित्रें आम्हीं आमच्या नातवाच्या भिंगाखालीं धरून पाहिलीं. (या विद्येंत आमचा गुरु तोच, घरांतील जेवणाचें टेबल त्याच्या विमानांनीं व्यापल्यामुळें आम्हांस गेलीं चार वर्षें पाटावर जेवण्याचें पुण्य लाभत आहे.) पांचव्या चित्रांत आडव्या झडपेचा सर्व्हो आपल्या तारेवर लोंबत आहे. त्याच्या बगलेला गरम करून लावावयाच्या डिंकाची एक गोटी चिकटलेली आहे, आणि त्या गोटीचा लांकडाकडील पृष्ठभाग गुळगुळीत व स्वच्छ आहे. त्यावर बाल्साचा एक तंतुहि नाहीं. आपटण्याच्या धक्क्यानें चांगला सांधा तुटतो, तेव्हां तो बहुधा लांकडाचे तंतु उपटून घेऊन तुटतो. जो सांधा आधींच सुटत आलेला असतो, तो असा साळसूदपणें वेगळा होतो. हा पुरावा न्यायालयांत टिकेल असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु दुसरेंहि एक कारण आहे. तो दिवस एप्रिलचा होता, आणि उड्डाणापूर्वीं विमान दोन तास मोटारींत कांचा लावून ठेवलें होतें, असें पत्रांत सहज लिहिलें आहे. उन्हांतील बंद मोटारींत उष्णमान ६० अंशांच्या घरांत जातें. हा डिंक उष्णतेनेंच वितळून लावावयाचा असतो. तेव्हां उष्णतेनेंच तो नरम पडावा यांत नवल तें काय? रेडिओनें दगा दिलेला नाहीं, असें आम्हांस वाटतें. हुकूम पोंचला, सेवक वळलाहि. पण झडप हालण्याऐवजीं तो स्वतःच हालला.

तेव्हां मुलाचें म्हणणें बहुधा चुकीचें आहे. परंतु म्हणून वडिलांचें बरोबर ठरतें असें नव्हे. त्यांची भीति मात्र पोकळ नाहीं, आणि ती मुलानें नीट समजून घ्यावी. ताशीं ७० किलोमीटर वेगानें येणारी वस्तु म्हणजे १९ मीटर उंचीवरून, साधारण सहाव्या मजल्यावरून, सोडलेली वस्तु. दीड किलोंचा दगड सहाव्या मजल्यावरून खालीं टाकण्यास कोणी 'खेळ' म्हणणार नाहीं. आणि या दगडाच्या नाकावर शिवाय फिरता पंखा असतो. भारत सरकारनें २०२१ सालीं केलेल्या ड्रोनविषयक नियमांत शिक्षण, संशोधन किंवा करमणूक यांसाठीं उडविलेल्या २५ किलोंपर्यंतच्या मॉडेल विमानांचा वेगळा वर्ग सांगितला आहे, आणि तीं नजरेच्या टप्प्यांतच उडविलीं पाहिजेत अशी अट घातली आहे. ज्या मैदानांत गुरें चरतात आणि मुलें हिंडतात, तें मैदान यासाठीं नव्हे, हें सांगण्यास मात्र कोणत्याहि नियमाची गरज नसावी.

हा खेळ पोरखेळ आहे असें म्हणणाऱ्यांस थोडा इतिहास सांगतों. रेडिओनें वस्तु चालविण्याचा पहिला गाजलेला प्रयोग निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका छोट्या नावेवर करून दाखविला. अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ च्या सुमारास रेडिओवर चालणारें विमान उडविलें. त्याचें नांव 'गफ'. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमानसंग्रहालयानें तें जपून ठेवलें आहे. त्या काळीं आजचा सर्व्हो नव्हता. पीळ दिलेल्या रबराच्या बळावर झडप एकदां डावीकडे, एकदां मधोमध, एकदां उजवीकडे अशी खटकन् पडे. किती वळावयाचें हें सांगण्याची सोय नव्हती. सांगितलें तितकेंच वळणारा सेवक सामान्य हौशी माणसाच्या हातीं आला तो १९६० नंतरच्या दशकांत. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत मॉडेल विमानें बांधणें व उडविणें शिकवितात, तें पोरखेळ म्हणून नव्हे. आतां कोणी म्हणेल कीं, आमच्या पूर्वजांना हें सारें ठाऊक होतें आणि 'वैमानिकशास्त्र' नांवाच्या संस्कृत ग्रंथांत तें लिहिलें आहे. तर त्यांस नम्रपणें सांगावयाचें कीं, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं १९७४ सालीं तो ग्रंथ तपासून, त्यांतील विमानें उडूं शकणार नाहींत व ग्रंथहि विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे, असा निर्णय दिला आहे. त्यांतील संस्कृत आम्हांसहि जुनें वाटलें नाहीं. असो.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. पतंजलि मुनींनीं आसनाचीं जीं लक्षणें सांगितलीं, तीं दोनच: तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. सर्व्होच्या आसनालाहि हींच दोन लक्षणें लागतात, आणि गंमत अशी कीं, वरवर पाहतां तीं एकमेकांविरुद्ध आहेत. तेलाचें एका सिलिंडरचें इंजिन मिनिटास १०,००० फेरे घेतें. म्हणजे विमानाच्या हाडांना सेकंदास १६६ हून अधिक हादरे बसतात. सर्व्हो लांकडाला आवळून बांधला तर ते सर्व हादरे त्याच्या पोटांत जातात. पोटेंशिओमीटरची पट्टी एकाच जागीं घांसून घांसून झिजते, आणि मग सेवकाचे हात म्हाताऱ्यासारखे कांपूं लागतात. सैल बांधला तर काय होतें तें वर सांगितलेंच आहे. यावर तोड म्हणून सर्व्होच्या डबींतच चार रबरी कड्या आणि चार पितळी नळ्या दिलेल्या असतात. रबर हादरे पितें, आणि नळी त्या रबराला मर्यादा घालते.

या नळ्यांविषयीं आम्ही थोडें विस्तारानें लिहितों, कारण निम्मी मुलें त्या उलट्या बसवितात आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळ त्या डबींतच ठेवून देतात. सर्व्होच्या दोन्ही बाजूंस जे कान असतात, त्यांच्या खांचांत प्रथम रबरी कडी बसवावी. नळीच्या एका टोकाला टोपीच्या कांठासारखी पसरट कड असते. नळी खालून वर घालावी. म्हणजे ती पसरट कड खालच्या लांकडी पट्टीवर टेकली पाहिजे. कारण असें कीं, नळीचें उघडें टोंक लांकडावर आलें तर तें हळूहळू लांकडांत रुतत जातें, आणि आज घट्ट असलेला सर्व्हो महिन्याभरांत डुगडुगूं लागतो. स्क्रू वरून येतो, त्याचें डोकें नळीच्या वरच्या टोंकाला भिडतें, आणि तेथें त्यानें थांबावयाचें. नळी रबरापेक्षां किंचित् आंखूड असते. तेवढेंच रबर दबतें, अधिक नाहीं. 'आणखी एक फेरा' देण्याचा मोह आवरावा. रबर फुगून कडेनें बाहेर आलें कीं समजावें, सुख गेलें, केवळ स्थैर्य उरलें.

ज्या पट्ट्यांवर हें आसन मांडावयाचें, त्या बाल्साच्या असून चालत नाहीं. बाल्सा हें इक्वेडोरकडून येणारें अत्यंत हलकें लांकूड. पंखांना आणि पाठीला तें हवें, पण स्क्रू धरण्याची ताकद त्यांत नाहीं. पट्ट्या बीचच्या कठीण लांकडाच्या, सुमारें १० मिलिमीटर चौरस असाव्या, किंवा तीन मिलिमीटरच्या चांगल्या प्लायवुडची तबकडी कापून घ्यावी. आपल्याकडे सुताराच्या पायाशीं सागाचे तुकडे फुकट पडलेले असतात आणि मुलें ते उचलून आणितात. साग बळकट खरा, परंतु त्याच्या अंगीं तेल असतें, आणि तेलकट लांकडाला डिंक धरीत नाहीं. तेव्हां साग वापरणेंच झालें तर सांध्याची जागा कागदानें घांसून स्पिरिटानें पुसून घ्यावी आणि लगेच इपॉक्सी लावावें. पट्ट्या विमानाच्या दोन्ही भिंतींस केवळ टोंकांनीं चिकटवून ठेवूं नयेत. टोंकांखालीं प्लायवुडचे लहान ठोकळे द्यावे. सर्व्हो दिवसभर पट्टीला वर उचलीत आणि खालीं दाबीत असतो, हें लक्षांत ठेवावें.

भोंक पाडतांनाहि उतावीळ नको. स्क्रू तसाच दाबून फिरविला तर पट्टी उभी चिरते, आणि ती चीर वरून दिसत नाहीं. नेहमींच्या सर्व्होसाठीं दीड मिलिमीटरचें, लहान जातीसाठीं एक मिलिमीटरचें भोंक आधीं पाडावें. त्यांत स्क्रू एकदां पूर्ण फिरवून आंटे पाडून घ्यावे, आणि स्क्रू बाहेर काढावा. मग त्या भोंकांत पातळ सायनो डिंकाचा एक थेंब सोडावा. लांकूड तो पिऊन घेतें, आंटे दगडासारखे होतात, आणि स्क्रू पुढें दहा वेळां काढघाल केली तरी सैल होत नाहीं. पण हें सर्व सर्व्हो जागेवर ठेवण्यापूर्वीं करावयाचें, आणि थेंब पूर्ण सुकूं द्यावयाचा. केशाकर्षणानें हा पातळ डिंक कोठल्या फटींतून कोठें जाईल याचा नेम नाहीं. तो एकदां सर्व्होच्या पोटांत शिरला कीं दांतेरी चाकें जन्माचीं जखडलीं.

तबकडींतील खिडकी सर्व्होपेक्षां चोहोंकडून एकेक मिलिमीटर मोठी असावी. देह कोठेंहि लांकडाला टेकतां कामा नये. टेकला तर रबराचा काय उपयोग? ज्या बाजूनें तार बाहेर येते तेथें एक लहान खांच अधिक काढावी, म्हणजे तार लांकडांत चेमटत नाहीं. दोन सर्व्हो शेजारीं असले तर त्यांच्यामध्येंहि फट ठेवावी. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गांत माणसें बसत तशी त्यांची रचना करूं नये.

बॅटरीच्या विमानांत हादरे पुष्कळ कमी, म्हणून तेथें लहान सर्व्हो रबरावांचून नुसत्या स्क्रूंनीं बसविला तरी चालतें. मात्र पंखा तोललेला असला पाहिजे. फोमच्या विमानांत स्क्रू धरणार कशाला? तेथें चिकटविण्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि गरम डिंकहि तेथें निषिद्ध नाहीं. पण सर्व्होच्या देहाभोंवतीं आधीं कागदी चिकटपट्टीचा एक घट्ट वेढा द्यावा आणि डिंक त्या पट्टीवर लावावा. पुढें सर्व्हो काढावयाचा झाला तर पट्टी कापून काढतां येतो, नाहींतर कान मोडून हातांत येतात. डिंकाच्या एका गोटीवर विसंबूं नये; फोममध्यें सर्व्हो घट्ट बसेल इतकाच खळगा कापावा, म्हणजे जोर खळग्याच्या भिंतींवर जातो आणि डिंकाकडे केवळ तो बाहेर न पडूं देण्याचें काम उरतें. साधा सायनो पांढऱ्या थर्मोकोलला खाऊन टाकतो, हें मुलांना एकदां तरी स्वतः अनुभवावयाचें असतें. तो अनुभव तुकड्यावर घ्यावा, विमानावर नव्हे. दोन्ही अंगांनीं चिकटणारी फोमची पट्टी कोणी वापरतात. ती कोऱ्या लांकडावर धरीत नाहीं. लांकडावर इपॉक्सीचा पातळ हात देऊन तो सुकल्यावर, आणि सर्व्होचा देह स्पिरिटानें पुसूनच ती लावावी. तेलाच्या इंजिनाच्या विमानांत तिच्यावर भरंवसा ठेवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

पंखांतील सर्व्हो पुष्कळदां एका प्लायवुडच्या झांकणाला आडवा बसवितात. झांकणाला जे दोन ठोकळे चिकटवावयाचे, त्यांत झांकणाच्या बाहेरून एकेक बारीक स्क्रूहि घालावा. नुसत्या डिंकावर ठोकळा प्लायवुडचा वरचा पापुद्रा घेऊन सुटतो. पंखांच्या पोकळींतून तार ओढण्याची युक्ति आमच्या भगिनींस शिकवावयास नको: परकरांत नाडी ओवतात तसेंच तें आहे. पंख उभा धरून दोऱ्याला बांधलेला एक लहान नट आंत सोडावा, तो दुसऱ्या टोंकाशीं बाहेर येतो, आणि मग दोऱ्यामागून तार ओढून घ्यावी. तारांचे जोड पंखांत गेल्यावर दिसत नाहींत, म्हणून आंत जाण्यापूर्वींच ते दोऱ्यानें बांधून टाकावे.

आसन पक्कें झालें आणि हातच निसटला, असेंहि घडतें. सर्व्होच्या कण्यावर बारीक दांत असतात. कोणा कारखान्याचे २३, कोणाचे २४, कोणाचे २५. एकाचा हात दुसऱ्याच्या कण्यावर जोर करून बसविला तर बसल्यासारखा दिसतो, एवढेंच. आणि हाताच्या मध्यावरचा तो एक चिमुकला स्क्रू! झडपा मधोमध जुळवितांना हात चारदां काढून घालावा लागतो, म्हणून मुलें तो स्क्रू 'शेवटीं लावूं' म्हणून वाटींत ठेवितात, आणि तो वाटींतच राहतो. तंबोऱ्याची खुंटी पिळून सूर लावला आणि खुंटी दाबून बसवावयाची राहिली, तर सूर किती वेळ टिकेल?

उड्डाणापूर्वींची परीक्षा दोन मिनिटांची आहे. एकानें दांडा हालवावा. दुसऱ्यानें झडप दोन बोटांत हलकेच, पण ती वळूं नये इतपत धरावी, आणि दृष्टि झडपेवर न ठेवतां सर्व्होवर ठेवावी. देह जागचा किंचित् जरी सरकतांना दिसला तर त्या दिवशीं विमान घरीं न्यावें. उन्हांत ठेवलेल्या विमानाची ही परीक्षा घरीं एकदां व मैदानावर पुन्हां एकदां घ्यावी. विमान जोरानें जमिनीवर उतरलें असेल तर त्यानंतरहि घ्यावी; धक्का विमानाच्या नाकाला बसतो, पण सर्व्होच्या कानांना तडे जातात. पट्ट्यांचे सांधे नखानें दाबून पाहावे.

पुण्याच्या तपकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सर्व्हो मिळतात, आणि दुकानदार बहुधा तो विजेवर हालवून दाखवितो. तो हालतो, हें पाहून कोणी संतुष्ट होऊं नये. डबींत चार कड्या आणि चार नळ्या आहेत कीं नाहींत, तें मोजून घ्यावें.

राहतां राहिला त्या माउलीचा प्रश्न. त्यांनीं पिशवी माळ्यावरून खालीं काढावी, पण मुलाच्या हातीं नव्हे, त्याच्या वडिलांच्या हातीं द्यावी. त्यांत तीन सर्व्हो असावेत असें छायाचित्रांवरून दिसतें. प्रत्येकाचा हात बॅटरी न लावतां, बोटांनीं, अगदीं सावकाश या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवून पाहावा. मध्येंच कोठें अडखळला किंवा खटका लागला तर आंतील चाकाचा दांत तुटला आहे, तो सर्व्हो बाजूस काढावा. जो सरळ फिरेल, तो बॅटरीला जोडून दहा मिनिटें मधोमध उभा ठेवावा. कांपला किंवा गुरगुरला तर तोहि नको. हें काम वडिलांनीं करावें आणि मुलानें शेजारीं बसून कागदावर नोंद करावी. पांचव्या छायाचित्रांतील ती डिंकाची गोटी मात्र फेंकूं नये. ती दोघांनीं मिळून भिंगाखालीं पाहावी, आणि काय दिसलें तें आम्हांस कळवावें. त्यांच्या उत्तराची आम्ही वाट पाहूं.